बिबट्याच्या गळ्यातला निरोप्या
सदर : यंत्रांच्या गप्पा

काय दोस्तांनो, ओळखा पाहू! गळ्यात पट्टा आहे, पण कुत्रा नाही. पट्ट्यात सिमकार्ड आहे, पण मोबाइल नाही. एसएमएस पाठवतो, पण लिहिता-वाचता येत नाही. आणि फिरायला बाहेर पडतो ते सगळं गाव झोपल्यावर! कोण बरं?

नाही ओळखलंत? मग ऐका. उत्तर आहे बिबट्या. पण साधासुधा नव्हे, रेडिओ कॉलर घातलेला बिबट्या. आज आपण त्या कॉलरच्या पोटात डोकावणार आहोत. एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूशी तारेविना कशी बोलते, बोलण्याआधी तिला काय काय शिकवून ठेवावं लागतं, आणि तसंच एक छोटं यंत्र तुम्हाला घरी किंवा शाळेत कसं जोडता येईल, हे सगळं पाहायचं आहे. वही-पेन्सिल घेऊन बसा. मध्येच थोडं गणितही येणार आहे, बरं का!

विहिरीतले ‘आजोबा’

गोष्ट आहे २००९ सालच्या एप्रिल महिन्यातली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर नावाचं गाव आहे. नगरहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव ढोकेश्वराच्या लेण्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या एका विहिरीत बिबट्या पडला. आपल्याकडे शेतातल्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो. रात्री कुत्र्यामागे नाहीतर कोंबडीमागे धावताना बिबटे त्यात पडतात.

वनविभागाने त्याला बाहेर काढलं. तो पूर्ण वाढलेला, वयस्क नर होता. पिंजऱ्यातही तो इतका शांत होता, की त्याचं नावच पडलं ‘आजोबा’! बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनविभागाच्या मदतीने त्याच्या गळ्यात कॉलर बसवली, आणि आजोबांना माळशेज घाटाच्या जंगलात सोडून देण्यात आलं. जिथे पकडलं, तिथून ५२ किलोमीटर दूर.

लोकांना वाटलं, झालं! बिबट्या गेला जंगलात, आता तो तिथेच राहील. खरंच तसं झालं का? हे सांगणारा साक्षीदार एकच होता, आजोबांच्या गळ्यातला पट्टा. आजोबा पुढे कुठे गेले ते थोड्या वेळाने सांगतो. आधी हा पट्टा बोलतो कसा, ते समजून घेऊ.

कान, तोंड, मेंदू आणि पोट

अशा पट्ट्यात चार मुख्य वस्तू असतात. त्यांना आपण कान, तोंड, मेंदू आणि पोट म्हणू या.

कान म्हणजे जीपीएस. पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह सतत हाक देत असतात, ‘मी अमुक, आता इतके वाजले.’ पट्ट्यातला जीपीएस ही हाक ऐकतो. किमान चार उपग्रहांच्या हाका ऐकू आल्या, की प्रत्येक हाक पोचायला किती वेळ लागला यावरून तो स्वतःची जागा काढतो. इथे एक गंमत लक्षात ठेवा. पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटतं, की जीपीएस म्हणजे उपग्रह आपल्याला पाहतोय. छे! जीपीएस फक्त ऐकतो, बोलत नाही. आपण कुठे आहोत हे उपग्रहाला मुळीच कळत नाही.

मग ही जागा शास्त्रज्ञांना सांगणार कोण? त्यासाठी तोंड हवं. ते काम करतं जीएसएम मॉड्यूल, म्हणजे पडदा नाही, बटणं नाहीत, स्पीकर नाही असा मोबाइल. सिमकार्ड मात्र असतं. ते जवळच्या मोबाइल टॉवरला एसएमएस पाठवतं.

मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर, नखाएवढा एक छोटा संगणक. कधी ऐकायचं, काय लक्षात ठेवायचं, कधी बोलायचं हे तो ठरवतो. आणि पोट म्हणजे बॅटरी. हे पोट एकदाच भरलं जातं. बिबट्याला रोज संध्याकाळी ‘ये बाबा, चार्जिंगला लाव’ असं कोण सांगणार?

टाळ्यांची भाषा

आता खरी गोम इथेच आहे. कान, मेंदू आणि तोंड एकमेकांशी बोलतात कसे? त्यांच्यामध्ये बारीक तारा असतात आणि त्यांतून माहिती एकामागून एक जाते. याला म्हणतात सीरियल पद्धत. श्रमदानाला माणसं रांगेत उभी राहून मातीची घमेली हातोहात पुढे देतात, आठवतंय? एका वेळी एकच घमेलं, पण ओळीने. अगदी तसंच.

यंत्रांच्या घमेल्यात दोनच गोष्टी असू शकतात, एक किंवा शून्य. पण यात एक अडचण आहे. ती कळण्यासाठी यंत्राची गरजच नाही. वर्गातल्या मित्राबरोबर हा खेळ आत्ता खेळा.

दोघांनी ठरवायचं, की दर सेकंदाला एक ठोका. ठोक्याला टाळी वाजली तर एक, नाही वाजली तर शून्य. चार ठोक्यांचा एक निरोप. पहिल्या ठोक्याची किंमत ८, दुसऱ्याची ४, तिसऱ्याची २ आणि चौथ्याची १. समजा तुम्ही केलंत : टाळी, गप्प, टाळी, टाळी. म्हणजे ८ अधिक २ अधिक १, झाले ११. मित्राने ११ लिहिलं तर शाब्बास!

आता मित्राला गुपचूप सांगा, की तू अर्ध्या सेकंदाला एक ठोका मोज. तुम्ही तोच निरोप पाठवा. तुमचे दोन ठोके होईपर्यंत त्याचे चार संपलेले असतील. त्याला ऐकू येईल : टाळी, गप्प, गप्प, गप्प. तो लिहील ८! निरोप तोच, टाळ्या त्याच, कान चांगले. तरी अकराचे आठ झाले. कारण दोघांचा ताल जुळला नाही.

यंत्रांमध्ये या तालाला ‘बॉड रेट’ म्हणतात. तारयंत्रात मोठी सुधारणा करणारे फ्रेंच अभियंते एमिल बोदो यांच्या नावावरून हा शब्द आला. आजही छोट्या मॉड्यूलमध्ये नेहमी वापरला जाणारा ताल आहे ९६००, म्हणजे सेकंदाला ९६०० ठोके. एक ठोका साधारण एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा! एका अक्षरासाठी सहसा दहा ठोके लागतात. ‘आता सुरू’ सांगणारा एक, अक्षराचे आठ आणि ‘संपलं’ सांगणारा एक. आता तुम्हीच सांगा, सेकंदाला किती अक्षरं गेली? बरोबर, ९६०!

एक मॉड्यूल ९६०० ने बोलतंय आणि दुसरं ३८,४०० ने ऐकतंय, तर पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं उमटतात. पुष्कळ जण तेव्हा ‘मॉड्यूल बिघडलं’ म्हणून ते फेकून देतात. बिघडलेलं काहीच नसतं, ताल चुकलेला असतो.

सोडण्याआधी ठरवायचं

म्हणजे बघा, यंत्र नुसतं जोडून भागत नाही. त्याला आधी काही गोष्टी ठरवून द्याव्या लागतात. त्याला कॉन्फिगर करणं म्हणतात. आपण साधं ‘जुळवणी’ म्हणू. कुठल्या तालात बोलायचं, कुणाशी बोलायचं, किती वेळाने बोलायचं, हे सगळं जुळवणीत येतं.

बिबट्याच्या बाबतीत ही जुळवणी फार जपून करावी लागते. का? तुमच्या खोलीतलं यंत्र चुकलं तर तुम्ही उठून बटण दाबाल. पण घाटात शिरलेल्या बिबट्याला कोण सांगणार, ‘जरा थांब, सेटिंग बदलायचं राहिलं’?

पहिला प्रश्न, जागेची नोंद किती वेळाने घ्यायची? दर दहा मिनिटांनी घेतली तर बिबट्याची चाल बारकाईने कळेल, पण बॅटरी लवकर संपेल. दिवसातून एकदाच घेतली तर बॅटरी पुरेल, पण मधल्या वेळात तो कुठे कुठे गेला ते कळणारच नाही. समजा एका बॅटरीत ६००० नोंदी होतात. तासाला एक धरली तर दिवसाच्या २४, म्हणजे २५० दिवस. तीन तासांना एक धरली तर दिवसाच्या ८, म्हणजे ७५० दिवस. तुम्ही शास्त्रज्ञ असता तर काय निवडलं असतं? विचार करा. यात ‘बरोबर’ उत्तर एकच नाही. तुम्हाला काय शोधायचंय, त्यावर ते ठरतं.

दुसरा प्रश्न, निरोप केव्हा पाठवायचा? बोलायला सगळ्यात जास्त बॅटरी लागते. म्हणून प्रत्येक नोंदीला एसएमएस न करता काही नोंदी साठवून एकदम पाठवतात. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. तेवढ्यात जास्तीत जास्त नोंदी दाबून बसवायच्या.

तिसरा प्रश्न, रेंज नसली तर? घाटात, ओढ्याच्या खोल घळीत मोबाइलचा टॉवर सापडत नाही. तेव्हा पट्ट्याने नोंद टाकून द्यायची नाही. ती जपून ठेवायची आणि रेंज आली की पाठवायची. हा साठवणीचा नियम नसेल तर बिबट्या घाटात शिरला, की माहिती हरवलीच म्हणून समजा.

आणि शेवटी बसवणं. पट्ट्याचं वजन जनावराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपेक्षा कमी ठेवतात. घट्ट झाला तर टोचेल, सैल झाला तर पायात अडकेल. बिबट्याला भूल दिलेली असते तेवढ्या वेळातच हे काम उरकायचं. म्हणून अनेक कॉलरींना बाहेरून एक चुंबक लावलेलं असतं. चुंबक काढलं, की कॉलर जागी होते. आधी ती माणसाच्या हातात असतानाच जागी करून, निरोप नीट येतो का ते पाहून मगच गळ्यात घालायची. थोडक्यात सांगायचं तर, ठरवा, तपासा आणि मगच सोडा!

आजोबा निघाले!

आता वळू या आपल्या आजोबांकडे. माळशेजला सोडल्यावर आजोबा तिथे थांबले का? मुळीच नाही! पट्ट्याकडून एकेक निरोप येऊ लागला आणि नकाशावर एकेक ठिपका पडू लागला. ठिपके चालले होते पश्चिमेला. घाट उतरून, रस्ते आणि रेल्वेचे रूळ ओलांडून आजोबा थेट मुंबईच्या बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भागात जाऊन पोचले! सरळ रेषेत मोजलं तरी ८९ किलोमीटर, तेही ३७ दिवसांत. प्रत्यक्ष चाल त्याहून कितीतरी जास्त. आणि एवढ्या वाटेवर त्यांनी कुणा माणसाला इजा केली नाही. त्यांच्यावर पुढे २०१४ मध्ये ‘आजोबा’ नावाचा मराठी चित्रपटही निघाला.

आजोबांसारखेच आणखी चार बिबटे या अभ्यासात होते. एकूण पाचांपैकी चार महाराष्ट्रातले आणि एक हिमाचल प्रदेशातला. २०१४ मध्ये या पाचांच्या नोंदींवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे पाहा. रात्री बिबटे तासाला सरासरी ३३९ मीटर सरकत होते, दिवसा फक्त ६० मीटर. दाट वस्तीत राहणारे तीन बिबटे रात्री घरांच्या अगदी जवळ येत. त्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के नोंदी घरापासून २५ मीटरच्या आत होत्या. दिवसा मात्र अशा नोंदी एक टक्काही नव्हत्या. म्हणजे बिबट्या आपल्या शेजारी राहतो, पण आपली वेळ टाळतो!

आणि सगळ्यांत मोठा धडा असा : ज्या तिघांना पकडलेल्या जागेजवळच सोडलं, ते ८ ते १५ चौरस किलोमीटरच्या छोट्या भागातच राहिले. ज्या दोघांना दूर नेऊन सोडलं, ते भटकत राहिले. आजोबांचे ८९ किलोमीटर तुम्ही वाचलेतच. दुसरी मादी पाच महिन्यांत सरळ रेषेत ४५ किलोमीटर गेली.

हे एवढं महत्त्वाचं का? शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागाचं उदाहरण घ्या. तिथे १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू झाली. त्यानंतर, २००१ ते २००३ मध्ये, हे हल्ले वर्षाला सरासरी १७ वर गेले, असं अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. ‘बिबट्या दिसला, पकडा आणि दूर नेऊन सोडा’ हा उपाय सोपा वाटतो, पण तो उलटू शकतो. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर वाट शोधत फिरतं आणि नव्या लोकांसमोर येतं.

आपल्या जिल्ह्यातल्या अकोले भागात याच शास्त्रज्ञांनी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून बिबटे मोजले. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले, तेही जंगलात नव्हे, तर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात! अकोल्याच्या डोंगराळ भागातले ठाकर आणि महादेव कोळी बांधव दिवाळीत वाघबारस साजरी करतात आणि वाघोबाला पुजतात. वाघ-बिबट्याशेजारी राहणं ही त्यांच्यासाठी काही कालची गोष्ट नाही.

बॅटरी संपली, तरी बोलणारा!

काही महिन्यांतच आजोबांच्या पट्ट्याकडून निरोप येणं थांबलं. आजोबा कुठे आहेत, कसे आहेत, काही कळेना. मग २०११ च्या डिसेंबरमध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. तो आजोबाच होता. हे कशावरून कळलं?

पट्ट्याबरोबरच आजोबांच्या कातडीखाली आणखी एक वस्तू बसवलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप. तिच्यात बॅटरीच नसते! वाचक यंत्र जवळ आणलं, की त्याच्याच रेडिओ लहरींमधून तिला चिमूटभर ऊर्जा मिळते आणि ती फक्त आपला क्रमांक सांगते. तिचं बोलणं पोचतं जेमतेम काही सेंटिमीटर, पण पोट भरावं लागत नसल्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकते. पट्टा लांबवर बोलतो, पण थोडे दिवस. चिप जवळच बोलते, पण पुष्कळ वर्षं. कुठलं यंत्र चांगलं? दोन्ही! कामाप्रमाणे निवडायचं.

चला, आपणही जोडू या!

आता हात चालवायची वेळ. बिबट्याची कॉलर काही आपण करणार नाही. पण ‘दप्तराची कॉलर’ करायला काय हरकत आहे? शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर हे सामान तिथे बहुधा मिळेल. नसेल तर काही शे रुपयांत ते जमवता येतं. सामान असं : एक अर्डुइनो ऊनो पाटी, एक एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल, एक किलोओहम आणि दोन किलोओहमचा एकेक रोधक, ब्रेडबोर्ड, जोडतारा, आणि घरातला एक अँड्रॉइड फोन. एचसी-०५ हेही एक तारेविना सीरियल मॉड्यूलच. एका बाजूने तारेतून अक्षरं आत येतात, दुसऱ्या बाजूने रेडिओ लहरींवर बसून बाहेर जातात.

जोडणी : मॉड्यूलची व्हीसीसी पिन पाटीच्या ५ व्होल्टला, जीएनडी पिन जीएनडीला. मॉड्यूलची टीएक्स, म्हणजे बोलणारी पिन, पाटीच्या १० क्रमांकाला. आरएक्स, म्हणजे ऐकणारी पिन, ११ क्रमांकाला. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, हे विसरू नका. तोंडाला तोंड लावलंत तर दोघंही बोलतील आणि ऐकणार कुणीच नाही! आणखी एक सावधगिरी. मॉड्यूलच्या कानाला ३.३ व्होल्ट मानवतात, पण पाटी बोलते ५ व्होल्टने. म्हणून ११ क्रमांकाची तार थेट लावू नका. मध्ये एक किलोओहमचा रोधक घाला आणि आरएक्सपासून जीएनडीपर्यंत दोन किलोओहमचा लावा. पाच व्होल्टचे तीन भाग झाले, त्यातले दोन मॉड्यूलला मिळाले, म्हणजे ३.३ व्होल्ट.

जुळवणी : पाटीला आधी एक छोटा प्रोग्राम द्या, ‘संगणकाकडून आलेलं अक्षर मॉड्यूलला दे, मॉड्यूलकडून आलेलं संगणकाला दे.’ प्रोग्राममध्ये मॉड्यूलसाठी ताल ठेवा ३८,४००, कारण जुळवणीच्या वेळी एचसी-०५ त्याच तालात ऐकतं. आता मॉड्यूलची व्हीसीसीची तार काढा, मॉड्यूलवरचं इवलंसं बटण दाबून धरा आणि तार परत लावा. दिवा दोन-दोन सेकंदांनी सावकाश उघडझाप करू लागला, की समजा मॉड्यूल शिकायला बसलं!

संगणकाच्या सीरियल मॉनिटरमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘न्यूलाइन’ आणि ‘कॅरेज रिटर्न’ दोन्ही जातील असं निवडा. मग ‘ए’ आणि ‘टी’ ही दोन इंग्रजी अक्षरं टाइप करून पाठवा. उत्तर येईल, ‘ओके’! ही दोन अक्षरं म्हणजे ‘अटेन्शन’ या इंग्रजी शब्दाची खूण. आपल्या कवायतीतलं ‘सावधान!’ म्हणा ना. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या मोडेममधून ही भाषा आली, आणि एसएमएस पाठवणाऱ्या जीएसएम मॉड्यूललाही हीच भाषा कळते.

‘सावधान’ झालं, आता हुकूम द्या. तीन हुकूम पुरे. प्रत्येक हुकमाची सुरुवात ‘ए-टी’ आणि अधिकच्या चिन्हाने होते. त्यापुढे ‘नेम’, बरोबरचं चिन्ह आणि मॉड्यूलचं नाव. हे सगळं इंग्रजी अक्षरांत, बरं का! दुसरा हुकूम ‘पी-एस-डब्ल्यू-डी’, म्हणजे परवलीचा आकडा. नव्या मॉड्यूलमध्ये तो बहुतेक वेळा १२३४ असतो. तो बदलाच. नवं कुलूप आणलं आणि त्याची किल्ली सगळ्या गावाकडे आहे, असं चालेल का? काही मॉड्यूलना हा आकडा दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. तिसरा हुकूम ‘यू-ए-आर-टी’, म्हणजे ताल. तिथे ९६०० द्या आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन दोन शून्यं. प्रत्येक वेळी ‘ओके’ आलं पाहिजे. न आल्यास आधी ताल, मग तारा तपासा.

वापर : आता पाटीला दुसरा प्रोग्राम द्या, ‘१ पासून मोजायला लाग आणि दर सेकंदाला एक आकडा ९६०० च्या तालात मॉड्यूलकडे पाठव.’ बटण न दाबता मॉड्यूल सुरू करा. दिवा भराभर लुकलुकला, म्हणजे ते मित्राची वाट पाहतंय. फोनच्या ब्लूटूथमध्ये त्याचं नाव शोधा, परवलीचा आकडा द्या आणि ब्लूटूथ सीरियल टर्मिनलचं एखादं ॲप उघडून जोडणी करा. आकडे येऊ लागले? टाळ्या!

प्रयोग : पाटी पॉवरबँकेला लावून दप्तरात ठेवा. दप्तर मित्राकडे द्या आणि त्याला हळूहळू लांब जाऊ द्या. कितव्या पावलाला आकडे यायचे थांबतात? मध्ये भिंत आली तर? मित्राने दप्तर पोटाशी कवटाळलं तर? (आपल्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं.) पाटी स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं तर? चारही वेळचे आकडे वहीत तक्ता करून लिहा. एचसी-०५ चा पल्ला साधारण दहा मीटर धरतात. तुमचा किती आला?

मग एक गोष्ट नीट पाहा. मित्र लांब गेला, जोडणी तुटली, तो परत आला आणि तुम्ही पुन्हा जोडलंत. समजा आधी ४१ पर्यंत आकडे आले होते आणि आता एकदम ७८ पासून सुरू झाले. मधले ३६ गेले कुठे? हरवले! आपल्या पाटीला आपण साठवायला शिकवलंच नव्हतं. घाटातल्या बिबट्याचा पट्टा नोंदी का जपून ठेवतो, ते आता पटलं ना? ज्यांना प्रोग्राम लिहायची आवड आहे, त्यांनी पाटीला शेवटचे ५० आकडे जपून ठेवायला आणि जोडणी झाली की आधी तेच पाठवायला शिकवून पाहावं.

आई-बाबांसाठी चार ओळी

प्रयोगात घरातल्या विजेच्या बोर्डाला हात लावायचं काम नाही. संगणक किंवा पॉवरबँकेचे ५ व्होल्ट पुरतात. मुलांना तारा स्वतः लावू द्या, चुकलं तर शोधूही द्या. फक्त वीज जोडण्याआधी एकदा जोडणी तपासा. आणि बिबट्यांच्या भागात राहत असाल तर तेवढंच महत्त्वाचं : अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं बाहेर सोडू नका, बाहेर जाताना बॅटरी हाती घ्या आणि मोठ्याने बोलत चाला, कोंबड्या-शेळ्या बंद गोठ्यात ठेवा, घराभोवती कचरा साठू देऊ नका. कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

जाता जाता कोडं

एका कॉलरच्या बॅटरीत ४८०० नोंदी मावतात. शास्त्रज्ञांना रात्रीची चाल बारकाईने हवी आहे, म्हणून संध्याकाळी ६ ते सकाळी ६ या बारा तासांत दर तासाला एक नोंद, आणि दिवसाच्या बारा तासांत दर तीन तासांना एक, अशी जुळवणी केली. बॅटरी किती दिवस पुरेल? उत्तर पुढच्या अंकात. तोपर्यंत दप्तराची कॉलर करा, तक्ता भरा, आणि लक्षात ठेवा : ठरवा, तपासा, मगच सोडा!